माशाच्या तोंडाचे तीन पेले

कुआंगदादा आता आमच्या फॅक्टरीत नाहीत, आणि गावात जो तो म्हणतो की त्यांनी मालकांना भर प्रवासात वाऱ्यावर सोडलं. भाजीवाली म्हणते, न्हावी म्हणतो. परवा तर माझी जाऊ, जिनं कुआंगदादांच्या घरचं किती वेळा खाल्लंय, तीसुद्धा तोंड वाकडं करून म्हणाली, "इतकी वर्षं ज्याचं खाल्लं, त्याच्याशी असं वागायचं?" मी हातातली पालेभाजी तिथंच आपटली. म्हटलं, बाई, त्या गाडीत मी होते, तू नव्हतीस. ऐकायचं असेल तर माझ्याकडून ऐक, नाहीतर गप्प बस.

ती गप्प बसली. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आमची फॅक्टरी यांगचौच्या बाहेर, कालव्याच्या काठाला. हॉटेलात उतरलात की बाथरूममध्ये दातांचा ब्रश, कंगवा, कागदासारख्या पातळ सपाता ठेवलेल्या असतात ना, तेच सगळं आम्ही करतो. मी नमुन्यांच्या खात्यात. कुआंग तेशंग, म्हणजे आमचे कुआंगदादा, मुळात ब्रशच्या मशीनवरचे. ब्रशच्या डोक्यात केस ठोकणारं ते मशीन दिवसभर खडखडतं, त्याच्यासमोर ते तरुणपणापासून उभे. बोलणं कमी. कुणी काही मागितलं की "हो." तुमचं कपाट हलवायचंय? हो. सुट्टीच्या दिवशी पाळी कराल? हो. त्यांच्या तोंडून "नाही" हा शब्द मी कधी ऐकला नाही, आणि त्यांच्या बायकोनंही ऐकलेला नाही, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आता असा माणूस विक्री खात्याचा उपव्यवस्थापक कसा झाला? गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत त्याला! तर एका वर्षी नववर्षाच्या आधीची फॅक्टरीची मेजवानी होती. बाहेरगावचे मोठे व्यापारी आले होते. ज्वारीची कडक दारू, पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी, घशातून जाताना जाळत जाणारी. पेल्यावर पेले झाले. एकेक जण टेबलाखाली गेला. शेवटी ताठ बसलेला एकटाच माणूस उरला, तो कोपऱ्यातला कुआंगदादा. नुसते ताठ बसले नाहीत, तर पडलेल्यांना उचलून खोल्यांत नेलं, त्यांचे बूट काढले, उशाशी पाणी ठेवलं.

आमचे मालक पांग ते पाहत होते. दुसऱ्या दिवशी कुआंगदादांना मशीनवरून काढलं, कोट शिवला, नावाचं कार्ड छापलं. तेव्हापासून त्यांचं काम एकच. मालकांनी जिथं नेलं तिथं जायचं आणि मालकांच्या वाटचं प्यायचं. कारण मालक स्वतः पीत नाहीत. तब्येतीला जपतात! थर्मासमध्ये लाल गोजी बेरी आणि खजुराचं पाणी घेऊन फिरतात, सकाळी कालव्याकाठी हात फिरवत उलटे चालतात. शरीर म्हणजे काय फक्त मालकांनाच दिलंय देवानं?

बरं, पूर्वी निदान रात्रीच्या गाड्या होत्या. जेवण झालं, प्यायलं, गाडीच्या बर्थवर आडवं झालं, सकाळपर्यंत माणूस माणसात यायचा. मग ही वाऱ्यासारखी धावणारी गाडी आली आणि सगळे टाळ्या पिटायला लागले. मालक तर सगळ्यांत जास्त. सकाळी निघायचं, दुपारी जेवणात सौदा, संध्याकाळी परत, उद्या दुसरं शहर. एका आठवड्यात हफेइ, वूहान, शांघाय. गाडी जलद झाली हो, पण माणसाचं लिव्हर काही जलद झालं नाही. हे त्या गाडीचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही सुचू नये?

जिनानला जायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी लानफांग वहिनी माझ्या दारात आल्या. कुआंगदादांची बायको. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"युचिन, उद्या तू पण जाणार आहेस ना?"

"हो, नवीन सपातांचे नमुने घेऊन. का हो?"

"डॉक्टरांनी यांना सांगितलंय, लिव्हर दगड झालंय. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. आता एकदा जरी कडक दारू पोटात गेली तर त्या फुटतील, आणि मग हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही."

"मग पाठवता कशाला?"

"मी कोण पाठवणारी? मालकांचा फोन आला, आणि हे हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!" वहिनींचा आवाज चिरकला. "मालक म्हणाले, प्यायचं नाही, नुसतं बसायचं. जुनं तोंड दिसलं की पाहुण्यांना बरं वाटतं म्हणे. युचिन, तू त्यांच्या शेजारी बस. एक थेंब घेऊ देऊ नकोस. माझा माणूस जसा नेतेस तसा मला परत दे."

मी म्हटलं, देते. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, ते सोडा.

सकाळी झेनजियांगच्या स्टेशनवरून आम्ही तिघं निघालो. मालक पहिल्या वर्गात, आम्ही दोघं दुसऱ्या वर्गात, शेजारी शेजारी. कुआंगदादांचा चेहरा पिवळट, डोळ्यांचे कोपरेही पिवळे. कोट आता अंगात लोंबत होता. त्यांनी वहिनींनी दिलेली चहात उकडलेली अंडी काढली, एक सोलून आधी मला दिलं.

"दादा, तुम्ही आज काही घेणार नाही हं," मी म्हटलं.

"हो."

"मला 'हो' नको. मला सांगा, कुणी पेला पुढे केला तर काय म्हणाल?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत अंड्याची टरफलं कागदात गुंडाळली. शेतं मागं पळत होती. मग म्हणाले, "मालकांनी सांगितलंय ना, नुसतं बसायचं. मग कशाला कोण पुढे करेल?"

नानजिंग गेल्यावर मालक आमच्या डब्यात आले. खांद्याला खांदा लावून कुआंगदादांच्या शेजारी बसले, मला त्यासाठी उठून पलीकडच्या रिकाम्या सीटवर जावं लागलं. हातात तो थर्मास.

"कुआंग," मालक म्हणाले, "तब्येतीचं काय म्हणतोस? मला नीट सांग बघू. डॉक्टर नेमकं काय म्हणाला?"

अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल! कुआंगदादांना काय सांगू नि काय नको असं झालं. ते सांगायला लागले. थकवा कसा येतो, पायांवर सूज कशी चढते, रात्री अंगाला खाज कशी सुटते. शिरा कुठल्या, गोळ्या कुठल्या. आणि मालक प्रश्न विचारतायत. "सूज सकाळी की संध्याकाळी? त्या गोळीचं नाव काय म्हणालास? परत एकदा सांग." मान हलवतायत, चक्‌ चक्‌ करतायत. कुआंगदादांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मलाही वाटलं, चला, काही झालं तरी माणूसच आहे, आतून कुठंतरी ओलावा असेल. मनातल्या मनात मी त्यांना दिलेल्या निम्म्या शिव्या परत घेतल्या.

मालक गेल्यावर कुआंगदादा म्हणाले, "बघ, किती काळजी आहे त्यांना. तू उगीच घाबरतेस."

जिनानला हॉटेलवाल्यांनी गाडी पाठवली होती. त्यांचे खरेदीचे प्रमुख मंग साहेब, आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे, माणूस वाईट नव्हे. माझे नमुने त्यांनी हातात घेतले, सपातेचा तळ दाबून पाहिला, म्हणाले, "छान आहे, छान आहे, बाकीचं जेवताना बोलू." म्हणजे झालं. आमच्याकडे सौदा सपातेच्या तळावर कधी ठरलाय का? तो ठरतो पेल्याच्या तळावर. मग मी रात्र रात्र जागून नमुने कशाला करते, देव जाणे.

जेवायला स्वतंत्र खोली, मधोमध गोल टेबल, त्यावर फिरणारी काच. दरवाजाकडे तोंड करून मंग साहेब बसले. त्यांच्या उजव्या हाताला आमचे मालक. माझी जागा त्यांनी दाराजवळ दाखवली, बायकांची असते तिथं. मी सरळ म्हटलं, "मला कानानं कमी ऐकू येतं, मी कुआंगदादांच्या शेजारी बसते," आणि बसले. समोरच्या बाजूला मंग साहेबांचा एक माणूस होता, लुआन नावाचा. सडपातळ, हसतमुख. बाटली त्याच्या ताब्यात. त्याच्या गालांचा रंग पाहिला आणि मला कळलं, हा त्यांच्याकडचा कुआंग.

सुरुवात बरी झाली. माझ्यासमोर अक्रोडाचं दूध आलं. मंग साहेबांनी पेला उचलला, सगळ्यांनी उचलला, मालकांनी ओठाला लावून ठेवला, कुआंगदादांनीही तसंच केलं. मी टेबलाखालून त्यांची बाही धरून ठेवली होती. कांद्याच्या पातीबरोबर समुद्री काकडी नावाचा समुद्रातला जीव आला, तळलेलं आतडं आलं. मालकांनी ते "फार तेलकट" म्हणून पुढे ढकललं.

मग मासा आला. पीतनदीचा कार्प, तळून उभा केलेला, वरून आंबटगोड रस्सा. आणि जिनानकडची रीत अशी, की माशाचं तोंड मुख्य पाहुण्याकडे करून ठेवायचं. ज्याच्याकडे तोंड, त्यानं तीन पेले प्यायचे. ज्याच्याकडे शेपूट, त्यानं चार. ते होईपर्यंत माशाला कुणी जेवायच्या काड्या लावायच्या नाहीत. यातून सुटका नाही. नाही प्यायलात तर यजमानाच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

वाढणाऱ्या मुलीनं काच फिरवली आणि माशाचं तोंड आमच्या मालकांसमोर थांबलं.

"पांग साहेब!" मंग साहेब टाळी वाजवून म्हणाले. "माशानं तुम्हाला ओळखलं. चला, तीन होऊन जाऊ द्या!"

मालकांनी चेहरा पाडला. थर्मास पुढे ओढला. आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"मंग साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर कुणाला बोललो नाही. माझं लिव्हर गेलंय. डॉक्टर म्हणाला, दगड झालंय. संध्याकाळी पायांवर सूज चढते, रात्री खाजेनं झोप नाही. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. एक पेला गेला तर..." इथं त्यांनी हात हवेत उडवला. आणि त्या गोळीचं नावसुद्धा सांगितलं, न अडखळता.

माझा आधी कानांवर विश्वासच बसेना. मग तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस गाडीत येऊन बसला होता तो पाठांतराला! गरिबाच्या अंगातलं दुखणं चोरलं हो यानं. पैसे चोरतात, जमीन चोरतात, मी आजवर सगळं पाहिलं होतं. दुखणं चोरणारा पहिल्यांदाच पाहत होते.

मी कुआंगदादांकडे पाहिलं. ते ऐकत होते. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. जरासे हसले.

मंग साहेब हळहळले. "अरेरे, एवढं असून आलात? फार मोठी गोष्ट. अगं मुली, साहेबांना गरम पाणी आण. दारू त्यांच्या समोरून उचल."

"पण तुमचा मान कसा मोडू?" मालक म्हणाले. "माझ्या वाटचे तीन आमचा कुआंग घेईल. लोखंडाचं पोट आहे त्याचं." आणि एका बोटानं, नुसत्या एका बोटानं, त्यांनी काच फिरवली. मासा सरकत सरकत आला आणि त्याचं तोंड कुआंगदादांसमोर थांबलं. शेपूट लुआनकडे. लुआन बाटली घेऊन उठलाच.

मी काच धरली आणि उलटी फिरवली. इतक्या जोरात की रस्सा टेबलावर सांडला. मासा पुन्हा मालकांसमोर.

"ते लिव्हर यांचं आहे," मी म्हटलं.

मंग साहेबांच्या काड्या हवेत.

"काय म्हणालात?"

"पांग साहेबांनी आत्ता जे सांगितलं ना, ते दुखणं यांचं आहे, या कुआंगदादांचं. सूज यांच्या पायाला आहे. हवं तर मोजे काढायला सांगा. पांग साहेबांचं लिव्हर तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पिऊ द्या त्यांनाच!"

मालक मोठ्यानं हसले. असं हसले की जणू मी गंमतच केली. "आमच्या युचिनची जीभ अशीच आहे बघा. घरी नवऱ्याशी भांडून आलीय वाटतं."

"माझ्या नवऱ्याला मधे आणू नका. दादा, सांगा यांना. तुम्ही सांगा!"

आता सगळे कुआंगदादांकडे पाहत होते. एक शब्द पुरे होता. मंग साहेबांचा चेहरा मी पाहत होते, तो माणूस ऐकायला तयार होता. दारू परत गेली असती, कदाचित सौदाही झाला असता. फक्त एक शब्द. मी त्यांची बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली.

कुआंगदादा उठले. माझी बोटं हळूच सोडवली, मासा परत आपल्यासमोर फिरवला. म्हणाले, "मंग साहेब, ही सकाळपासून उपाशी आहे, डोकं फिरलंय तिचं. माझं लिव्हर असं असतं तर मी इथं आलो असतो का? चला, माझे तीन."

मला त्या क्षणी मालकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. वाटलं, मर मग! घरी बायको दारात उभी आहे, आणि तुला इथं या चोराची लाज झाकायची पडलीय!

लुआन आमच्या बाजूला आला. त्यानं छोट्या काचेच्या चंबूतून पेला भरला. पहिला. कुआंगदादांनी एका दमात घेतला आणि पेला उलटा करून दाखवला. दुसरा. तिसरा. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते, आत्ता रक्त येईल, आत्ता येईल. त्यांनी ओठ पुसले आणि खाली बसले. मग लुआन आपल्या जागी गेला आणि शेपटीचे चार प्यायला. चौथ्यानंतर त्यानं टेबलाची कड धरली.

"वा!" मंग साहेब म्हणाले, आणि सगळ्यांच्या काड्या माशात घुसल्या. मालकांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून स्वतःच्या हातानं कुआंगदादांच्या ताटलीत ठेवला. मी काहीही खाल्लं नाही. ऑर्डर मिळाली.

परतीच्या गाडीत मी कुआंगदादांशी बोलले नाही. पण नजर सारखी त्यांच्यावर. दर थोड्या वेळानं विचारत होते, पोटात दुखतंय का, मळमळतंय का. ते मान हलवायचे. शेवटी ते उठून डब्याच्या टोकाला गरम पाण्याच्या नळाशी गेले, मीही मागं गेले. तिथं कुणी नव्हतं.

"युचिन," ते म्हणाले, "ते पाणी होतं."

"काय पाणी होतं?"

"माझ्या पेल्यात. तिन्ही वेळा. लुआनकडे दोन चंबू असतात. एकात दारू, एकात पाणी. पाण्याचा त्याचा स्वतःचा, पोट वाचवायला. तू ओरडलीस ना, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आला आणि त्याचाच चंबू माझ्यासाठी वापरला."

"आणि त्याचे चार?"

"ते खरे. पाणी माझ्या पेल्यांत संपलं, दुसरा चंबू कुठून आणणार?"

मला रडूच कोसळलं. त्या परक्या शहरातला, ज्याच्याशी आम्ही धड नावापलीकडे बोललो नाही, त्या माणसानं. आणि आमचा मालक! मी डोळे पुसत होते तेवढ्यात कुआंगदादा म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. कळलं तर त्याची नोकरी जाईल." मी शब्द दिला. आता लुआननं ती नोकरी सोडून गावी दुकान टाकलंय, म्हणून बोलते आहे.

आम्ही जागेवर येऊन बसलो, तर मालक आमच्या डब्यात आले. चेहरा नुसता फुललेला. मला म्हणाले, "तुझं नंतर बघतो." मग कुआंगदादांच्या खांद्यावर थाप मारली.

"बघितलंस? तीन पेले गेले आणि तू ढिम्म! तरी मी म्हणत होतो, हे डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. तुला काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात शेनयांगला जाऊ. तिकडचे लोक वाडग्यानं पितात, तूच लागशील."

माझं तोंड उघडलं. "मालक, ते..." आणि कुआंगदादांचा हात माझ्या हातावर आला, घट्ट दाबून. मी त्यांच्याकडे पाहिलं. बोलले तर तिकडे लुआन जातो. नाही बोलले तर इकडे हे जातात. मी जीभ चावली. आयुष्यात इतकं कठीण काम मी कधी केलं नाही.

"काय गं, काय म्हणतेस?"

"काही नाही."

"मग ठरलं, कुआंग?"

मी वाट पाहत होते त्या "हो"ची. आला नाही. बाहेर शूचौ स्टेशनचे दिवे दिसायला लागले होते, गाडी मंदावत होती. कुआंगदादा उठले. वरच्या फळीवरून आपली बॅग काढली, माझी पिशवी खाली येणार होती ती नीट आत सरकवली.

"मालक, मी जरा उतरतो," ते म्हणाले.

"जा जा, ओढून ये एक सिगरेट. पण लगेच ये, ही गाडी कुणासाठी थांबत नाही."

कुआंगदादा सिगरेट ओढत नाहीत. कधीच ओढली नाही. इतकी वर्षं ज्याला घेऊन गावोगाव फिरले, त्याच्याबद्दल मालकांना एवढंही माहीत नव्हतं. आणि सिगरेट ओढायला कुणी बॅग घेऊन जातं? तेही त्यांना दिसलं नाही.

दारं बंद झाली. गाडी हलली. कुआंगदादा फलाटावर उभे होते, बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून. मालक उठून काचेवर हात आपटायला लागले. "अरे! अरे, राहिला तो! कुआंग!" कुआंगदादांनी आत पाहिलं, नेहमीसारखी मान जराशी लववली, आणि वळून बाहेर जायचा जिना शोधायला लागले.

मालक धपकन बसले. मला वाटलं, आता तरी कळेल. आता विचारतील, त्याला बरं नाही का, त्याच्या बायकोला फोन करायचा का. त्यांनी थर्मास उघडला, दोन घोट घेतले, कपाळाला आठी घातली.

"मूर्ख माणूस," ते म्हणाले. "आता शेनयांगला कोण पिणार?"

आणि मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, डोक्यापासून पायापर्यंत गेली, आणि अगदी मायेनं, सकाळी कुआंगदादांना विचारलं होतं तशाच आवाजात, त्यांनी मला विचारलं, "युचिन, तुला कितपत झेपते गं?"